वाटेतला मुक्काम

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषणे करणारी बाई नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर या मंडळात मी उभी राहिले ती तिळगूळ वाटायला किंवा भिशीचा हिशेब सांगायला. पण लुसाकाहून परत आल्यापासून चिटणीसबाईंनी माझा पिच्छाच पुरवला की, तुम्ही एकट्या आफ्रिकेला जाऊन आलात, तेव्हा चार शब्द बोललेच पाहिजेत. म्हणून उभी आहे. चुकले माकले तर सांभाळून घ्या.

लुसाका हे झांबिया देशाचे राजधानीचे शहर. आमचे जावई तिथे नोकरीला आहेत. पण मी आज लुसाकाविषयी बोलणार नाही. तिथे मी तीन महिने होते खरी, पण पाहिले काय, तर बाळाची लंगोटं, शेगडीवरचे आधणाचे पातेले आणि खिडकीतून दिसणारा एक आंबा. ते तुम्हा सगळ्यांना घरबसल्या ठाऊक आहे. मी सांगणार आहे ती वाटेतल्या एका दिवसाची आणि एका रात्रीची हकिगत. त्या गावाचे नाव आदिस अबाबा. हबसाणातले, म्हणजे आजच्या इथिओपिया देशातले.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मुलगी सातव्या महिन्यातच यायची होती. तिकीटही काढले होते. पण तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नकार दिला. सासूबाई तिला नाहीत. मग जायचे कोणी? आमच्या ह्यांना रजा मिळेना, आणि दोघांच्या तिकिटाचे पैसेही नव्हते. मी कधी पुण्यालासुद्धा एकटी गेले नव्हते. हे म्हणाले, "जाशील ना गं?" मी म्हटले, "जाईन." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटे नुसती उभी राहिले.

तयारीचे फार सांगत नाही. पिवळ्या तापाची लस मात्र सांगते, कारण तुमच्यापैकी कोणाला जायचे झाले तर उपयोगी पडेल. ही लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, त्याशिवाय दाखला लागू होत नाही. दाखल्याचे एक पिवळे पुस्तक मिळते. ते पासपोर्टाइतकेच जपायचे. तिकडून परत येताना आपल्याच देशात ते मागतात. सामानात डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, मेतकूट, वेखंड आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. मोठी पेटी मुंबईला जी हातातून गेली ती थेट लुसाकालाच मिळायची होती. हातात एक पिशवी, तिच्यात शाल, लाडवांचा एक डबा, आणि जावयांनी मराठीत लिहून पाठवलेला कागद : 'आदिस अबाबाला विमान बदलायचे. अमुक अक्षराच्या पाटीखाली जायचे. कोणाशी बोलायचे नाही.'

मुंबईलाच विमानाला चार तास उशीर झाला. का झाला ते कोणी सांगितले नाही. पाच-सहा तासांच्या प्रवासानंतर आदिस अबाबाला उतरले तेव्हा भर दुपार झाली होती आणि लुसाकाचे विमान निघून गेले होते. दुसरे दुसऱ्या दिवशी सकाळी. काउंटरावरची मुलगी इंग्रजीत बोलत होती. मला त्यातले 'टुमॉरो' तेवढे कळले, आणि तेवढ्यानेच पायातले बळ गेले. माझ्यासारख्या अडकलेल्या माणसांची रांगच होती. सगळ्यांना एकेक चिठ्ठी मिळाली, एका रात्रीपुरते शहरात जाण्याचा शिक्का मिळाला, आणि हॉटेलच्या गाडीकडे जा म्हणून हाताने दाखवले.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगू नये असे घरच्यांचे मत आहे, पण मी सांगणार. बाहेर आले तेव्हा एक उंचापुरा काळा तरुण पुढे आला आणि त्याने माझ्या हातातली पिशवी धरली. मी ती हिसकावून घेतली आणि भर विमानतळावर मराठीत ओरडले, "अहो, सोडा! सोडा म्हणते ना!" माणसे वळून पाहू लागली. तो बिचारा दोन पावले मागे सरला आणि छातीवर लावलेला बिल्ला त्याने बोटाने दाखवला. तो हॉटेलच्या गाडीचा ड्रायव्हर होता.

माझे माहेर मुरूडचे. तुमच्यापैकी पुष्कळजणी सहलीला जंजिरा पाहून आल्या आहेत. तिथल्या सिद्दींच्या संस्थानाला जुनी माणसे हबसाण म्हणत, कारण सिद्दी मूळचे या हबश्यांच्या मुलखातले. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण आमच्या आजीच्या तोंडात हबशी राहिला. आम्ही मुले झोपलो नाही की ती म्हणे, "झोप, नाहीतर हबशी येईल." खरे म्हणजे आमच्या शेजारी सिद्दींची घरे होती, त्यांच्याकडची माणसे आमच्या अंगणात येऊन बसत, आणि त्यांना कोणी भीत नसे. भीती होती ती आजीच्या गोष्टीतल्या हबश्याची. चाळीस वर्षांनी तोच गोष्टीतला हबशी माझ्या हातून ओरडला. त्या ड्रायव्हरने माझी पिशवी पुन्हा मागितली नाही. मी ती मांडीवर घेऊन बसले आणि वाटभर खिडकीबाहेर पाहत राहिले.

हॉटेलात पोचल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या. एक जिना चढले आणि धाप लागली. वाटले, मनाला धक्का बसला त्याचाच परिणाम. मागून कळले की हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फुटांवर आहे. आपले महाबळेश्वर साडेचार हजार. तेव्हा तिथे पहिल्या दिवशी सगळ्यांनाच धाप लागते, आणि भर दुपारीही सावलीत गेले की शाल घ्यावीशी वाटते. दुसरी गोष्ट म्हणजे माझा फोन तिथे चालेना. वरच्या खोलीत काही नाही. खाली दिवाणखान्यात हॉटेलचे जे वायफाय होते त्यावर मात्र चाले. ते तिथल्या मुलीने लावून दिले.

जावयांना फोन लावला. ते म्हणाले, "आई, घाबरू नका. तिला काल रात्रीच दवाखान्यात ठेवले आहे. रक्तदाब वाढला होता." दिवस भरायला अजून बारा दिवस होते. मी म्हटले, "मग मला काल का नाही सांगितले?" ते म्हणाले, "तुम्ही निघण्याच्या गडबडीत होतात." मुलीशी बोलू दिले नाही, झोपली आहे म्हणाले. नुसती झोपली असेल तर उठवतील, एवढे मला कळते. फोन खाली ठेवला आणि तिथेच बाकावर बसून राहिले.

जेवणाच्या चिठ्ठीवर जेवण मिळत होते, पण घास उतरेना. मी मांस-मासळी खात नाही. ते कसे सांगायचे याचीच विवंचना होती. पण काउंटरावरची मुलगी हसली आणि म्हणाली, "टुडे वेन्सडे. फास्टिंग." तिने हळूहळू समजावून सांगितले ते असे. तिथे पुष्कळ लोक जुन्या पंथाचे ख्रिस्ती आहेत. दर बुधवारी आणि शुक्रवारी त्यांचा उपास. त्या दिवशी मांस तर नाहीच, पण दूध, तूप, लोणी, अंडे काही म्हणजे काही चालत नाही. शिवाय मोठे उपास वेगळे. ईस्टरच्या आधीचा तर पंचावन्न दिवसांचा असतो. कडक पाळणारे दुपारपर्यंत पाणीही घेत नाहीत. मैत्रिणींनो, आपण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, वर तुपाची धार असा उपास करतो आणि थकलो म्हणतो!

दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात जमिनीवर हिरवे ओले गवत अंथरले होते. तिथे बुटक्या चौरंगावर छोट्या छोट्या बिनकानाच्या पेल्या मांडलेल्या, बाजूला कोळशाची शेगडी, आणि शेगडीमागे एक बाई बसली होती. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल. अंगावर पांढरे सुती वस्त्र, त्याला रंगीत काठ, डोक्यावरून घेतलेले. आपल्या आजीने पदर घ्यावा तसा. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. मी डोळे पुसले तेव्हा तिने हाताने खूण केली, 'इकडे ये, बस.'

तीन वाजून गेले होते. तिचा उपास सुटायची वेळ झाली होती. तिने एक मोठे वेताच्या परडीसारखे ताट पुढे ओढले. ताटभर पसरलेली करड्या रंगाची एकच जाळीदार पोळी. पाहिल्याबरोबर मला आंबोळी आठवली. तिला इंजेरा म्हणतात. तेफ नावाचे एक धान्य आहे, खसखशीएवढे बारीक. त्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मोठ्या मातीच्या तव्यावर एकाच बाजूने भाजतात. त्या पोळीवर डाळी-भाज्यांचे ढीग : मसुरीची तिखट डाळ, पालेभाजी, कोबी-बटाटा, आणि मधोमध शिरो. नाव शिरो, पण भगिनींनो, ते चक्क पिठले! हरभऱ्याचे पीठ, कांदा, लसूण, लाल तिखट. फोडणीची मोहरी तेवढी नाही.

पण ताट एकच आणि आम्ही दोघी. माझ्या घरात अजून उष्ट्या-खरकट्याचा विचार आहे. मी वेगळी बशी शोधू लागले. तिच्या ते ध्यानात आले की नाही कोण जाणे. तिने इंजेऱ्याचा तुकडा मोडला, त्यात पिठले गुंडाळले, आणि हात सरळ माझ्या तोंडाशी आणला. काउंटरावरून ती मुलगी हसून ओरडली, "गुर्शा! गुर्शा!" आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणे याला ते गुर्शा म्हणतात. तो नाकारला तर भरवणाऱ्याचा अपमान होतो. मला माझ्या आईने शेवटचा घास भरवला तो लग्नाच्या आदल्या दिवशी. मी तोंड उघडले. घास आंबूस होता, तिखट होता, आणि फार मोठा होता. गिळता गिळता पुन्हा डोळ्यांत पाणी आले, आणि ते तिखटाचे आहे असे मी खुणेने सांगितले. मग मीही तिला एक घास भरवला. सबंध ताट आम्ही दोघींनी संपवले.

मग कॉफी. ही आपल्यासारखी गॅसवर दूध उकळले आणि चमचाभर भुकटी टाकली, अशी नव्हे. तिने हिरवे दाणे माझ्यासमोर धुतले, छोट्या तव्यावर काळेभोर होईतो भाजले. धूर निघू लागला तसा तवा उचलून माझ्या नाकाशी आणला. पाहुण्याने तो धूर हाताने ओढून घ्यायचा असतो. आपण आरती घेतो तशी. मग खलबत्त्यात कुटली, काळ्या मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळली, आणि वीतभर उंचावरून एकाही थेंबाची सांडासांड न करता त्या पेल्यांत ओतली. बाजूला धूप जळत होता. खायला मक्याच्या लाह्या. त्याच भुकटीवर पाणी घालून तीन वेळा उकळायची आणि तीन वेळा प्यायची. पहिल्या वाढीला अबोल म्हणतात, दुसरीला तोना, तिसरीला बरका. बरका म्हणजे आशीर्वाद. तिसरा पेला न घेता उठणे बरे दिसत नाही. या सगळ्याला तास-दीड तास लागतो, आणि घाई कोणी करत नाही. कॉफीचे झाड मूळचे याच देशातले. तिथून ते अरबस्तानात गेले, आणि तिथून बाबा बुदन नावाच्या फकिराने सात बिया लपवून कर्नाटकात आणल्या असे म्हणतात.

काहीतरी परतफेड करावी म्हणून मी डबा उघडला आणि डिंकाचे दोन लाडू तिच्या हातावर ठेवले. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिले, आणि लाडू तोंडाला न लावता पदराच्या टोकाला बांधून ठेवला. मला वाईट वाटले. मी तिच्या ताटातले खाल्ले, आणि हिला माझा लाडू चालत नाही? शेवटी काउंटरावरच्या मुलीने उलगडा केला. लाडवाला तुपाचा वास होता आणि बुधवार अजून संपायचा होता. ती उद्या खाणार होती. मी पोटावरून हात फिरवून आणि दूर बोट दाखवून तिला समजावले की लाडू बाळंतिणीसाठी आहेत, मुलगी दवाखान्यात आहे. तिला लगेच समजले. तिने चार बोटे दाखवली. तिला चार मुले. मग मुलीच्या तोंडून तिने सांगितले की त्यांच्याकडे बाळंतिणीला पिठाची घट्ट उकड देतात, तिच्या मधोमध खळगा करून त्यात मसाल्याचे लोणी ओततात. तिला गेंफो म्हणतात. भेटायला आलेल्या बायकाही त्यातलेच खातात. मी अळीवाची खीर सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण अळीव काही मला खुणांनी दाखवता येईनात.

मग त्या काउंटरावरच्या मुलीची पाळी संपली. ती संध्याकाळी विद्यापीठात शिकायला जाई. म्हणाली, "वाटेत म्युझियम आहे, चला. नाहीतर खोलीत बसून रडाल." रात्रीपर्यंत फोन करून काही उपयोग नाही असे जावई म्हणाले होतेच. मी गेले.

रस्त्याने जे दिसले ते सांगते. निळ्या-पांढऱ्या छोट्या मोटारी, दारात लटकून गावांची नावे ओरडणारी पोरे. अगदी आपल्याकडच्या वडापसारखी. डोक्यावरच्या पुलावरून जाणारी विजेची आगगाडी, ती २०१५ साली सुरू झाली. जिकडे तिकडे अर्धवट बांधलेल्या इमारती. आणि त्या सगळ्यातून, पाठीवर नीलगिरीच्या फांद्यांच्या मोळ्या घेऊन कमरेत वाकून चालणाऱ्या बायका. शहराच्या वर एंतोतो नावाचा डोंगर आहे, तिथून त्या सरपण आणतात. आमच्याकडे कातकरणी मोळी डोक्यावर घेतात, इकडे ती पाठीवर आडवी, बाईच्या उंचीहून लांब. एकीची आणि माझी नजरानजर झाली. मी गाडीत होते. पटकन दुसरीकडे पाहिले.

दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे त्यांची स्वतःची. त्या मुलीने मला कागदावर लिहून दाखवले : ल, लू, ली, ला, ले, असे करत प्रत्येक अक्षराची सात रूपे. आपली बाराखडी, तशी त्यांची सातखडी. मी म्हटले, "मीसुद्धा सातच शिकले आहे." तिला विनोद कळला नाही, आणि मला तो समजावता आला नाही.

एका मसाल्याच्या दुकानाशी मी गाडी थांबवायला लावली. पोत्यात काळे बारीक दाणे चमकत होते. उचलून दाताखाली धरले. कारळे! आपली चटणीची कारळे, कोणी खुरासणी म्हणतात ती. तिथे त्याचे तेल काढतात. पुढे जावयांनी पुस्तकात पाहून सांगितले की कारळे मूळ त्याच देशातले, आणि शास्त्रात त्याच्या नावातच अॅबिसिनिया आहे. म्हणजे आपण जन्मभर भाकरीबरोबर हबसाणातले बी खातो आणि हबश्याची भीती घालतो.

ती मुलगी स्वतःला 'हबेशा' म्हणत होती, आणि मान वर करून म्हणत होती. तेव्हा मी तिला आमच्या मुलुखाचे सांगितले. मलिक अंबर हा त्याच देशात जन्मलेला मुलगा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभार चालवू लागला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. खडकी शहर त्याने वसवले, तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२६ साली तो वारला. तिथे पाणी आणणारे नहर त्याच्याच काळात सुरू झाले. एवढे सगळे मी माझ्या मोडक्या इंग्रजीत कसे सांगितले, देव जाणे. तिला हे ठाऊक नव्हते. तिने नाव वहीत लिहून घेतले.

तिने मला बदल्यात तायतू राणी दिली. राजा मेनेलिक आणि त्याची राणी तायतू एंतोतोच्या डोंगरावर राहत. वर थंडी फार, आणि खाली गरम पाण्याचे झरे. राणीला झऱ्याकाठची जागा आवडली, तिने तिथे घर बांधवले, आणि त्यातून १८८६ साली हे शहर झाले. नाव तिनेच ठेवले. आदिस म्हणजे नवे, अबाबा म्हणजे फूल. पुढे इटलीच्या लोकांनी देश घशात घालायचा बेत केला तेव्हा ही राणी आपली फौज घेऊन नवऱ्याबरोबर रणात गेली. शत्रूच्या किल्ल्याचे पाणी तोडण्याची मसलत तिची. १८९६ साली अडव्याच्या लढाईत इटलीचा पुरता मोड झाला. आणि गंमत म्हणजे, याच बाईने या शहरातले पहिले हॉटेल काढले. वाटसरूंची सोय व्हावी म्हणून. मला ती तेवढ्यासाठी फार जवळची वाटली.

म्युझियमच्या तळघरात एका पेटीत हाडे मांडली आहेत. १९७४ साली त्या देशाच्या अफार भागात सापडली. एका बाईची, वय बत्तीस लाख वर्षे. उंची साडेतीन फूट. जगाला ती लुसी म्हणून ठाऊक आहे, पण तिथे तिला दिंकिनेश म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. खरी हाडे आत कुलपात असतात, मांडली आहेत ती हुबेहूब घडवलेली. ती माणसासारखी दोन पायांवर चालत होती, हे हाडांवरून कळते म्हणे. मी पेटीसमोर उभी राहिले. बाकीचे लोक कवटी पाहत होते. मी कमरेचे हाड पाहत होते. एवढ्याशा बाईची बाळंतपणे कशी होत असतील, कोण असेल तिच्या उशाशी, हाच विचार. जास्त वेळ थांबवेना.

संध्याकाळी परत आले. त्या ड्रायव्हरला विचारले, सकाळी गाडी किती वाजता? तो म्हणाला, "वन ओ'क्लॉक." मी एक बोट दाखवून पुन्हा विचारले. "येस, वन ओ'क्लॉक." विमान सकाळी दहाच्या सुमारास. तेव्हा दुपारचा एक असणार नाही, म्हणजे रात्रीचाच एक. एवढ्या लवकर कशाला ते कळेना, पण एक विमान चुकले होते, दुसरे चुकवायचे नव्हते. जावयांना फोन केला, लागला नाही. पुन्हा केला, लागला नाही. मी झोपलेच नाही. साडेबारालाच पिशवी घेऊन खाली येऊन बसले.

दिवाणखान्यात फक्त रखवालदार. साठी उलटलेला, अंगाभोवती जाड पांढरी चादर. एक वाजला, गाडी नाही. दीड वाजला, गाडी नाही. मी घड्याळ दाखवून त्याला म्हटले, "वन ओ'क्लॉक! कार!" त्याने आपले मनगट पुढे केले. त्याच्या घड्याळात साडेसात वाजले होते. मला वाटले, मला भ्रम झाला, नाहीतर त्याचे घड्याळ बंद. पण त्याला इंग्रजी बरे येत होते. म्हणाला, लहानपणी शाळेत गणित शिकवायला हिंदुस्थानी मास्तर होते, फार मारत. मग त्याने मास्तरांसारखेच मला शिकवले. त्यांचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्य उगवल्यावर होतो. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचे बारा म्हणजे सहा. तेव्हा ड्रायव्हरचा एक म्हणजे माझे सकाळचे सात. ऐकून मी कपाळाला हात लावला. मग त्याने हेही सांगितले की त्यांचे वर्ष तेरा महिन्यांचे, बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. तेवढ्यानेच मी चाळिशीच्या आत आले असते. पण त्या वेळी हसू येईना.

तो म्हणाला, वर जाऊन झोपा. मी म्हटले, खोलीत फोन लागत नाही, इथेच बसते. त्याने काही न बोलता आपली चादर काढून माझ्या गुडघ्यांवर टाकली आणि स्वतः कोट घालून दाराशी बसला.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. जावयांचा आवाज ओळखू येईना. मुलगी झाली. रात्री रक्तदाब फार वाढला, पोट उघडून बाळ काढावे लागले. चार तास शुद्ध-बेशुद्ध. पण आता दोघी सुखरूप. "आई, ऐकताय ना? दोघी सुखरूप." खोलीत झोपले असते तर हे मला सकाळी कळले असते. तो रखवालदार उठून जवळ आला होता. मला इंग्रजी शब्द एकही सुचेना. मी दोन्ही हातांचा पाळणा करून दाखवला. त्याने दोन्ही हात छातीशी नेले आणि वाकून नमस्कार केला. मग बाहेर जाऊन, बहुधा मला एकटीला रडू द्यावे म्हणून, उजाडेपर्यंत दाराबाहेरच उभा राहिला.

एक सांगते. त्या विमानाला उशीर झाला नसता तर मी बुधवारी संध्याकाळी लुसाकाला पोचले असते आणि त्या रात्री मुलीच्या उशाशी असते. ती मला हाक मारत होती, असे नर्सबाईंनी पुढे सांगितले. ही रुखरुख मला अजून आहे. आदिस अबाबा कितीही चांगले असले तरी ती जात नाही.

सकाळी कॉफीवाली बाई आली. रखवालदाराने तिला दारातच सांगितले असावे. ती आत आली तीच तोंडाशी हात धरून आणि जीभ हलवत 'इल्ल्ल्ल' असा उंच आवाज काढत. आनंदाच्या प्रसंगी त्यांच्या बायका असा आवाज करतात. स्वयंपाकघरातून दोघी-तिघी धावत आल्या आणि त्यांनीही सुरू केला. सबंध हॉटेल दणाणले. गुरुवार होता. तिने पदराची गाठ सोडली, लाडू काढला, मोडून सगळ्यांना वाटला आणि पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला. मुलीच्या बाळंतपणाचा पहिला लाडू मीच खाल्ला! डब्यातले चार लाडू तिला दिले. तिने मला कागदाच्या पुडीत हिरव्या कॉफीचे दाणे दिले.

त्यांच्या बरोबर एकाच्या ठोक्याला, म्हणजे माझ्या सातला, गाडी आली. ड्रायव्हर उतरला आणि थोडा दूरच उभा राहिला. मी पिशवी पुढे केली. त्याने ती घेतली, पुढच्या बाकावर ठेवली आणि वाटभर एका हाताने धरून बसला, सांडू नये म्हणून.

अध्यक्षबाई घड्याळ पाहत आहेत, आणि ते आपले घड्याळ आहे. तेव्हा आटोपते. त्या पुडीतले निम्मे दाणे मुलीकडे लागले, उरलेले मी आजसाठी ठेवले होते. मागच्या खोलीत शेगडी पेटवली आहे. काळी सुरई माझ्याकडे नाही, लोटीत उकळली आहे. पेले लहान आहेत, पण तीन वेळा मिळेल. तिसऱ्याच्या आत कोणी उठायचे नाही.